फटके मारण्याआधी कोणाला विचारायचं?

१८९४च्या तुरुंग कायद्याचं कलम ५३ वाचताना आपण एखाद्या यंत्राची माहितीपत्रिका वाचतोय असं वाटतं. वेत हलका असावा, पण त्याची जाडी अर्ध्या इंचापेक्षा कमी नसावी. फटके ढुंगणावर मारावेत. ते हप्त्याहप्त्याने मारू नयेत. मारताना तुरुंगाचा अधीक्षक आणि डॉक्टर किंवा डॉक्टरच्या हाताखालचा माणूस हजर असावा. कैदी सोळा वर्षांखालचा असेल तर वेत आणखी हलका घ्यावा आणि शाळेत मास्तर मारतात तसं मारावं. कलम ४६ म्हणतं, तिसाच्या वर फटके नकोत. कलम ५० म्हणतं, कैद्याला हे सोसेल असं डॉक्टरने आधी लिहून द्यावं. कलम ५१ म्हणतं, शिक्षेच्या वहीत नोंद करावी.

इतक्या बारकाईने लिहिलेल्या या मजकुरात एक गोष्ट मात्र सापडत नाही. फटके मारण्याआधी तुरुंगाबाहेरच्या कोणाला विचारायचं? गुन्हा झाला की नाही हे अधीक्षक ठरवणार. शिक्षा तोच देणार. वही त्याच्याच कचेरीत राहणार. गंमत म्हणजे कैद्याला एक महिन्याहून जास्त काळ वेगळं डांबायचं असेल तर कलम ४८ नुसार वरच्या महानिरीक्षकाची पूर्वसंमती लागते. तीस फटक्यांना ती लागत नाही.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एक साधा नियम असतो: स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करून लाइव्ह करायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी तो वाचून 'हो' म्हणावं लागतं. लिहिणारा कितीही हुशार असो, कितीही घाई असो. हा नियम लिहिणाऱ्यावर अविश्वास म्हणून केलेला नसतो. एकटा माणूस स्वतःचं काम तपासताना काय काय बघायचं विसरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तो असतो. तुरुंगाचे कायदे मी याच सवयीने वाचायला घेतले. गेल्या काही वर्षांत दिल्लीत आणि नागपुरात आमदार-खासदारांनी बंदिवासाचे कायदे बदलले. ते वाचताना मी सारखा हाच प्रश्न विचारत होतो, की इथे 'हो' कोण म्हणतंय? आणि या प्रश्नाचं एक जुनं उत्तर मला माझ्या ऑफिसच्याच तालुक्यात सापडलं.

हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं, हे तिथे रोज येणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. आमच्यासाठी मुळशी म्हणजे पावसाळ्यातला शनिवार, धरण, भजी, ताम्हिणी घाट. त्या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावांची जमीन आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी वीज तयार करण्यासाठी धरण बांधायला आली, तेव्हा १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. पुढे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिला आणि इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. धरण झालंच. सत्याग्रहींना शिक्षा झाल्या आणि त्यातले बरेच येरवड्याला गेले.

तेव्हा येरवड्यात आणखी एक कैदी होता. मार्च १९२२ ते फेब्रुवारी १९२४ या काळात गांधी तिथे होते. सुटल्यावर त्यांनी 'यंग इंडिया'त तुरुंगाच्या अनुभवांची लेखमाला लिहिली. तिच्यात मुळशीच्या कैद्यांचा भाग येतो. नेमून दिलेलं काम पुरं केलं नाही या कारणावरून या कैद्यांपैकी काहींना फटके मारले गेले. गांधींच्या कानावर ते आलं. मला या कैद्यांना भेटू द्या, मी त्यांच्याशी बोलतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना कळवलं. परवानगी मिळाली नाही. पुन्हा फटके मारले गेले. काही राजकीय कैद्यांनी उपोषण सुरू केलं. मग कुठे गांधींना शंकरराव देव आणि दास्ताने यांना भेटू दिलं गेलं आणि उपोषण सुटलं.

हा मजकूर मला तुरुंगावरच्या आपल्या वाचनातला फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण त्यातला संताप नाही. संताप त्यात फारसा नाहीच. गांधी मुळशीकरांची बाजू पूर्णपणे घेत नाहीत. सत्याग्रहीने तुरुंग स्वतःहून पत्करलाय, तर तिथलं काम त्याने प्रामाणिकपणे केलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे. वाचताना याचा रागही येतो. ज्याची जमीन गेली, त्यानेच आता सरकारचं दळणही नीट दळायचं? पण दुसरीकडे ते अधीक्षकालाही राक्षस ठरवत नाहीत. चांगल्या स्वभावाचा माणूस असा निर्णय कसा घेतो, हे ते शांतपणे मांडतात. आणि या सगळ्यात त्यांनी स्वतः फटके पाहिलेले नाहीत. जे कळलं ते भिंतीपलीकडून, उडत उडत कळलं. एका तुरुंगात राहून, काही भिंती पलीकडे काय चाललंय हे बघता येत नाही, ही त्या लेखनाची मर्यादा आहे. तीच त्याची साक्षही आहे. देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध कैद्याला जे दिसत नव्हतं, ते बाहेरच्या कोणाला दिसणार होतं?

मराठी साहित्याचं तुरुंगाशी जुनं नातं आहे. सावरकरांची 'माझी जन्मठेप' अंदमानची आहे. विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आपण ही नावं अभिमानाने घेतो. पण ही सगळी लिहू शकणाऱ्या माणसांची पुस्तकं आहेत, ज्यांच्या शिक्षेकडे बाहेरचा समाज डोळे लावून बसला होता. मुळशीच्या शेतकऱ्याच्या पाठीमागे असा वाचकवर्ग नव्हता. त्याला मारलेले फटके आपल्यापर्यंत पोचले, कारण योगायोगाने त्याच तुरुंगात गांधी होते.

आणि ते पोचल्यावर काय झालं ते बघा. सरकारने सूचना काढली: तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, एरवी सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय फटके मारायचे नाहीत. फटके बंद झाले नाहीत. वेताची जाडी तीच, आकडा तोच. बदललं ते एवढंच, की आता अधीक्षकाला एक पत्र लिहावं लागणार होतं आणि उत्तराची वाट बघावी लागणार होती. पत्र लिहायचं म्हणजे कारण लिहायचं. वाट बघायची म्हणजे राग निवळायला वेळ मिळतो. कायद्याचं एक अक्षरही न बदलता ही शिक्षा अवघड झाली.

हे काम तेव्हाच्या कायदेमंडळाने केलेलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. १९१९च्या सुधारणांनंतर मुंबई प्रांतात निवडून आलेले सदस्य होते, पण पोलीस आणि तुरुंग ही खाती 'राखीव' होती, म्हणजे गव्हर्नरच्या हातात. सदस्य प्रश्न विचारू शकत, भाषणं करू शकत. हात घालू शकत नसत. आज उलट आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग हा विषय राज्यांच्या यादीत आहे. तुरुंगात कोणी कोणाला विचारायचं, हे ठरवणं पूर्णपणे आपल्या आमदारांच्या हातात आहे.

पण आपल्या मनात तुरुंगसुधारणेचं जे चित्र आहे, त्यात परवानगीचं पत्र नसतं. त्यात चांगला जेलर असतो. हे चित्र पक्कं करण्यात एका सिनेमाचा मोठा वाटा आहे, आणि तो हिंदी असला तरी मराठी माणसांनी केलेला आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ'. लेखन ग. दि. माडगूळकरांचं. मुळात औंध संस्थानात खरोखर झालेला प्रयोग. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली. सिनेमात आदिनाथ नावाचा जेलर सहा खुन्यांना घेऊन ओसाड रानात जातो आणि त्यांच्याकडून शेती करून घेतो. त्यांना बांधून ठेवतात ते त्याचे दोन डोळे. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. आजही तो बघताना गळा दाटतो, हे मी नाकारत नाही.

पण आता तो येरवड्याच्या त्या लेखमालेशेजारी ठेवून बघा. सिनेमाचा सगळा भार एका माणसाच्या चांगुलपणावर आहे. आदिनाथचे डोळे कैद्यांवर आहेत. आदिनाथवर कोणाचे डोळे आहेत, हा प्रश्न सिनेमाला पडतच नाही, कारण आदिनाथ चांगलाच आहे. गांधींचा मजकूर नेमकं हेच कोडं पुढे ठेवतो: अधीक्षक वाईट नाही, तरी फटके बसले. मग चांगल्या माणसावर भिस्त ठेवून कसं चालेल? वसाहत हवी, शेती हवी, विश्वासही हवा. पण आदिनाथची बदली झाली की दुसऱ्या दिवशी काय, याचं उत्तर डोळ्यांत नसतं. ते कागदावर असावं लागतं.

हे उत्तर पुढे न्यायालयाने लिहिलं, आणि तेही एका पत्रामुळे. दिल्लीच्या तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेला सुनील बत्रा हा कैदी होता. त्याच्या पहिल्या खटल्यात, १९७८ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शिक्षा सुनावली म्हणून कैद्याला आपोआप एकांत कोठडीत टाकता येत नाही. मग त्याने न्यायालयाला पत्र लिहिलं; स्वतःसाठी नाही, दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरने छळ केला म्हणून. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालात एक सूचना आहे: एकांत कोठडी किंवा तशी कोणतीही जादा शिक्षा सत्र न्यायाधीशाने तपासल्याशिवाय द्यायची नाही, तातडी असेल तर दोन दिवसांच्या आत त्याला कळवायचं. 'दोन दिवस' हा आकडा मला त्या निकालातल्या सगळ्या सुंदर इंग्रजी वाक्यांपेक्षा जास्त आवडतो. तो मोजता येतो. तिसऱ्या दिवशी कोणीही विचारू शकतं की कळवलं का.

आता आपल्या काळाकडे येऊ. २० डिसेंबर २०२३ला लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली. दोन्ही सभागृहांतले मिळून १४०हून जास्त विरोधी खासदार तेव्हा निलंबित होते. इंग्रजांचा दंडाचा कायदा जाऊन न्यायाचा कायदा येतोय, असं सरकारकडून सांगितलं गेलं. मग कलम ११ आणि १२ उघडून बघा. न्यायालय सक्तमजुरी देताना एकांतवासही सुनावू शकतं: शिक्षा सहा महिन्यांपर्यंत असेल तर एक महिना, वर्षापर्यंत असेल तर दोन, त्याहून जास्त असेल तर तीन महिने. एका वेळी चौदा दिवसांहून अधिक नाही. हा मजकूर १८६०च्या दंडसंहितेच्या कलम ७३ आणि ७४चा आहे. कलमाचा क्रमांक बदलला, एवढंच. १९७१ साली विधी आयोगाने आपल्या ४२व्या अहवालात एकांतवासाची शिक्षा संहितेतून काढायला सांगितलं होतं. बावन्न वर्षांनी, सगळी संहिता नव्याने लिहिताना, ती तशीच राहिली.

आणि एकांतवास म्हणजे काय, याची व्याख्या १८६०मध्ये नव्हती, २०२३मध्येही नाही. २०१५च्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत ती आहे: दिवसाचे बावीस तास किंवा जास्त, माणसाशी अर्थपूर्ण संपर्काविना. एकाच चुकीची जबाबदारी सगळ्या पक्षांवर टाकावी अशी ही जागा आहे. गेल्या सत्तर वर्षांत सत्तेत असलेल्या कोणालाही 'एकांत' या शब्दाचा अर्थ लिहून ठेवावासा वाटला नाही. मराठीत तर हा शब्द फसवाच आहे. संतांनी त्याचे गोडवे गायले, आणि आज मुळशीच्या रिसॉर्टांच्या पाट्यांवर तो विकायला असतो.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात कारागृह व सुधारसेवा विधेयक मंजूर झालं. त्यामागे केंद्राचा २०२३चा आदर्श कायदा आहे. १८९४चा कायदा कालबाह्य झाला, हे कारण खरंच आहे. आदर्श कायद्यात चांगल्या गोष्टीही आहेत: खुली आणि अर्धखुली कारागृहं, स्त्रिया आणि तृतीयपंथी कैद्यांची वेगळी सोय, तक्रार निवारण, कायदेशीर मदत. तंत्रज्ञानावर त्यात मोठा भर आहे, आणि तिथे माझ्यातला इंजिनिअर थबकतो. तुरुंगात मोबाइल सापडला तर शिक्षा. रजेवर जायचं असेल तर कैद्याने अंगावर ट्रॅकर वापरायला तयार व्हायचं. ही सगळी यंत्रं एकाच दिशेला बघतात, अधिकाऱ्याकडून कैद्याकडे. कैद्याला वेगळ्या कोठडीत हलवलं की त्याच क्षणी सत्र न्यायालयात आपोआप नोंद जाईल, अशी यंत्रणा लिहायला माझ्यासारख्या दोन जणांना फार वेळ लागणार नाही. ती मागितली गेली पाहिजे, आणि ती मागणं हे सभागृहाचं काम आहे.

यावर माझ्याच तालुक्यातून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. इथे कोयते चालतात, तुम्ही कैद्यांची काळजी कसली करता? प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८मध्ये आला तो उगाच नाही. जमीन विकली, पैसा उडाला, पोरगं टोळीत गेलं, ही गोष्ट इथल्या घराघरात ओळखीची आहे. सिनेमाची ताकद हीच, की तो गुंडाच्या मागचा सातबारा दाखवतो. सिनेमा बघून हळहळणारे आपण दुसऱ्या दिवशी 'सराईत गुंड एक वर्षासाठी स्थानबद्ध' ही बातमी वाचून हायसंही वाटून घेतो. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याच्या दारात कोयता आला त्याला भीती वाटणारच, आणि ती भीती आमदाराने ऐकलीच पाहिजे.

पण त्या बातमीमागचा कायदा एकदा वाचा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्यासाठीचा १९८१चा एमपीडीए. खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवणारा हा कडक कायदा. तरी त्यात काय आहे? पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या हुकमाला बारा दिवसांत राज्य सरकारची मंजुरी हवी. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जायला हवं. मुदत चुकली की उच्च न्यायालय हुकूम रद्द करतं. म्हणजे आपल्या आमदारांना 'कोणाला विचारायचं आणि किती दिवसांत' हे वाक्य लिहिता येतं. घटनेच्या कलम २२ने भाग पाडलं तेव्हा त्यांनी ते नीट लिहिलं, आणि त्यामुळे गुंड मोकाट सुटले म्हणून महाराष्ट्र बुडाला नाही. माणसाला तुरुंगात घालताना जी काळजी घेता येते, ती आत घातल्यावर कोठडीच्या आत कोठडी उघडताना का घेऊ नये?

आणि आत असलेले सगळे सराईत नसतात. २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. शिक्षेची वही त्यांच्यासाठीही उघडी असते.

ती वही बाहेरच्या कोणी वाचली की काय होतं, याचं ताजं उदाहरण ऑक्टोबर २०२४चं आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी निरनिराळ्या राज्यांची तुरुंग नियमपुस्तकं वाचली. झाडूकाम कोणत्या जातीच्या कैद्याने करायचं आणि स्वयंपाक कोणी, हे त्यांत छापलेलं होतं. त्या न्यायालयात गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारलेल्या या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ही पुस्तकं गुप्त नव्हती. स्वातंत्र्यानंतर किती विधानसभा आल्या आणि गेल्या. पानं तिथेच होती. वाचणारं कोणी नव्हतं.

म्हणून नवा तुरुंग कायदा चांगला की वाईट, हे ठरवायला माझी एक साधी कसोटी आहे. 'सुधारणा', 'पुनर्वसन', 'आधुनिक' हे शब्द किती वेळा आले, ते मोजू नका. शिक्षांचं कलम काढा आणि त्यात दोन गोष्टी शोधा: तुरुंगाच्या बाहेरचा एक माणूस आणि एक मुदत. दोन्ही असतील तर तो कायदा १९२३च्या त्या सूचनेच्या पुढे गेला. नसतील तर सव्वाशे वर्षांपूर्वीचा वेत जाऊन तिथे दुसरं काहीतरी आलंय, आणि ते कधी उचलायचं हे अजूनही एकटा अधीक्षक ठरवतोय. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या नशिबाने पलीकडच्या बराकीत गांधी होते. कायदा लिहायचा तो ज्याच्या पलीकडे कोणीच नाही, त्या कैद्यासाठी.